नोकरी सोडून अकाउंट लिहायचा व्यवसाय: कोणत्या क्रमाने शिकायचं, कोणत्या क्रमाने सुरू करायचं

चाळिशीच्या आसपास नोकरी सुटलेली किंवा सोडलेली बरीच मंडळी पार्टटाइम अकाउंटंट म्हणून काम सुरू करतात. तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास, हातात सर्टिफिकेट आणि ओळखीतलं एखादं दुकान, एवढ्यावर सुरुवात होते. पहिली तिमाही निघते. मार्चनंतर सीएकडून फोन येतो की रोख शिल्लक मायनस आहे, बँक जुळत नाही आणि सस्पेन्समध्ये (कुठल्या खात्यात घालायचं ते न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) लाखभर रुपये पडून आहेत. हे टायपिंगच्या चुकीने होत नाही, क्रम उलटा झाल्यामुळे होतं. आधी सॉफ्टवेअर, मग ग्राहक आणि शेवटी हिशेब, असं शिकलं की असंच व्हायचं. खालचा क्रम त्याच्या उलट आहे. आठवड्याला १५ तास दिले तर पहिल्या ग्राहकापर्यंत सहा ते आठ महिने धरा, आणि तोवरचा घरखर्च वेगळा काढून ठेवा.

टप्पा १: काय करणार आणि काय नाही, हे आधी ठरवा

तुमचं काम म्हणजे नोंदी करणं, खाती जुळवणं, जीएसटी आणि टीडीएसची (पैसे देतानाच कापून भरायच्या आयकराची) आकडेवारी तयार करणं आणि वर्षाअखेर सीएला स्वच्छ ताळेबंदाचा मसुदा देणं. ऑडिट तुमचं काम नाही. कर वाचवण्याचे सल्ले देणंही नाही. कार्डावर किंवा दुकानाच्या पाटीवर ‘सीए’ ही अक्षरं कुठल्याही रूपात नकोत, ती फक्त इन्स्टिट्यूटच्या सभासदांसाठी आहेत.

जीएसटी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून ग्राहकांची रिटर्न भरायची असतील तर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नावनोंदणी आणि परीक्षा लागते. बी.कॉम. झालेलं असेल तर त्याचा विचार दुसऱ्या वर्षी करा. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करता येतं. नुसतं अकाउंट लिहायला मात्र पदवीची अट नाही.

टप्पा २: पहिला महिना वही आणि पेन

कॉम्प्युटर बंद ठेवा. एक लांब वही घ्या, काल्पनिक किराणा दुकानाचे ६० व्यवहार लिहून काढा आणि त्यांची किर्द (तारीखवार नोंद), खतावणी (खातेवार मांडणी) आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लका दोन बाजूंना मांडून बेरीज जुळवणं) हाताने करा. त्यात हे सगळं असू द्या: मालकाने घातलेलं भांडवल, उधारीची खरेदी, रोख विक्री, माल परत, बँकेत भरणा, वटला नाही असा एक चेक, कर्जाचा हप्ता, मालकाने घरखर्चाला उचललेली रोकड आणि दुकानासाठी घेतलेला फ्रीज.

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) यांचा असतो, आणि त्याला मोबाइल कारणीभूत आहे. बँकेचा मेसेज येतो, ‘तुमच्या खात्यात ५,००० क्रेडिट’. मग डोक्यात बसतं की पैसे आले म्हणजे क्रेडिट. पण तो मेसेज बँक स्वतःच्या वहीतून पाठवते. बँकेच्या वहीत ते पैसे तुमचं देणं आहेत, म्हणून जमा. दुकानाच्या वहीत बँकेकडून ५,००० येणं वाढलं, म्हणून बँक खातं नावे. पासबुक हा आपल्या बँक खात्याचा आरसा आहे, त्यात डावं-उजवं उलटं दिसणारच. हे एकदा हाताने लिहून पटलं की पुढे बँक जुळवणीत अडायला होत नाही.

तेरीज जुळली नाही तर फरकाचा आकडा बघा. समजा २७० चा फरक आहे. त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झालेली असू शकते: १,५८० च्या जागी १,८५०. तसं सापडलं नाही तर निम्मा करा. १३५ रुपयांची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला बसली आहे का ते शोधा.

तपासणी: साठही व्यवहारांची तेरीज पुस्तक न बघता जुळते का? कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज वेगळं केलं का? फ्रीज खर्चात न टाकता मालमत्तेत धरला का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा. एकही ‘नाही’ असेल तर आणखी एक वही भरा.

टप्पा ३: टॅली, पण लेजरपासून

टॅलीप्राइमचं शैक्षणिक रूप फुकट चालतं. त्यात महिन्याच्या १ आणि २ तारखेसारख्या मोजक्याच तारखांना नोंद होते, सरावाला तेवढं पुरतं. लायसन्स पहिला ग्राहक ठरल्यावर घ्या. ग्राहकाकडे बिझी, मार्ग किंवा झोहो बुक्स असं दुसरं सॉफ्टवेअर असेल तर घाबरू नका, हिशेब तोच, बटणं वेगळी. शॉर्टकट मात्र बोटांत बसू द्या: एफ४ काँट्रा (रोख आणि बँक यांच्यातली आपसांतली अदलाबदल), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस.

क्लासमध्ये व्हाउचर (एकेका व्यवहाराची नोंद) घोटून घेतात. चुका होतात त्या लेजर (म्हणजे खातं) उघडताना, ते कोणत्या ग्रुपखाली जाणार हे निवडण्यात. या पाच कायम दिसतात:

१. मालकाची घरखर्चाची उचल ‘इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस’मध्ये. ती भांडवलाखाली, ड्रॉइंग्ज म्हणून जायला हवी. नाहीतर नफा खोटा कमी दिसतो.

२. भरलेला जीएसटी खर्चात. तो ‘ड्यूटीज अँड टॅक्सेस’मधलं देणं फेडण्यासाठी असतो.

३. कर्जाचा पूर्ण हप्ता व्याजाला. बँकेकडून कर्जखात्याचा उतारा मागवा आणि महिनावार फोड करा.

४. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम विक्रीत.

५. एकाच पार्टीची तीन लेजर: ‘गणेश ट्रेडर्स’, ‘गणेश ट्रेडिंग’ आणि ‘श्री गणेश’. नवं लेजर उघडण्याआधी जीएसटी नंबरावरून शोधायची सवय लावा.

सावध: टॅलीत तेरीज नेहमी जुळतेच, कारण एकतर्फी व्हाउचर सॉफ्टवेअर घेतच नाही. जुळलेली तेरीज बघून निर्धास्त झालेले लोकच एप्रिलमध्ये फसतात. खरी परीक्षा वेगळीकडे आहे: रोख खातं एखाद्या दिवशी मायनस गेलं का, येणेकऱ्यांच्या (ज्यांच्याकडून पैसे यायचे आहेत त्यांच्या) यादीत कुणाची जमा शिल्लक दिसते का, सस्पेन्स शून्य आहे का आणि ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ ही ओळ दिसते का.

रोख खातं महिन्याअखेरचं बघून चालत नाही, दिवसवार बघा. ३१ तारखेला १८,००० शिल्लक असली तरी १२ तारखेला मायनस ७,००० असेल, तर त्या दिवसापर्यंतची एखादी रोख विक्री लिहायची राहिली आहे किंवा मालकाने खिशातून पैसे दिले आहेत. हे मालकाला विचारूनच ठरवायचं. तारखा मागेपुढे करून मायनस झाकू नका.

टप्पा ४: एका बिलावरून जीएसटी

कायद्याचं पुस्तक पाठ करायची गरज नाही, एक खरेदी बिल नीट वाचता आलं पाहिजे. समजा पुण्यातल्या हार्डवेअर दुकानाने १०,००० चा माल घेतला, १८ टक्के दराने. विक्रेता कोल्हापूरचा, म्हणजे दोघांचेही जीएसटी नंबर २७ ने सुरू होतात. बिलात सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९०० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९०० असणार. खरेदीवर दिलेला हा कर म्हणजे इनपुट; तो विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. नोंद अशी: खरेदी १०,००० नावे, इनपुट सीजीएसटी ९०० नावे, इनपुट एसजीएसटी ९०० नावे, पार्टी ११,८०० जमा. हाच माल वापीहून आला असेल तर नंबर २४ ने सुरू होतो आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) १,८०० लागतो. महिनाअखेर कर वळता करताना सीजीएसटीच्या क्रेडिटमधून एसजीएसटी भरता येत नाही, म्हणून हे खातं चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता एक फसवं बिल. दुकानमालक कामासाठी पणजीला जाऊन हॉटेलात राहिला. बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी आहे, दुकानाचा जीएसटी नंबरही छापलेला आहे. तरी हे क्रेडिट घेता येत नाही. हॉटेलचा नंबर ३० ने सुरू होतो, तो एसजीएसटी गोव्याचा आहे. करासकट पूर्ण रक्कम प्रवासखर्चात टाका.

खरेदीच्या फाइलमधली सगळी बिलं क्रेडिटला पात्र नसतात. पुरवठादाराने त्याचं रिटर्न भरलं तरच ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसतं. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. वहीत आहे पण २बीत नाही, २बीत आहे पण वहीत नाही, अशा दोन याद्या काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. दुसरी यादी जास्त कामाची: दुकानात आलेलं पण तुमच्यापर्यंत न पोचलेलं बिल तिथेच सापडतं.

ट्रकच्या भाड्यावर, वकिलाच्या फीवर आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाला दिलेल्या दुकानभाड्यावरही रिव्हर्स चार्जचा (विक्रेत्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याचा) प्रश्न येतो. तो लागू आहे की नाही हे सीएला एकदा विचारून लेजरच्या नावातच लिहून ठेवा.

सावध: जुन्या टिपणांवर शिकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांच्या टप्प्यांमधला बहुतेक माल ५ आणि १८ मध्ये गेला. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. टीडीएसची जी कलमं क्लासवाले वर्षानुवर्षं पाठ करून घेत आले, त्यांचे क्रमांक बदलले आहेत.

टप्पा ५: बँक जुळवणी

हे जमलं तरच तुम्ही अकाउंटंट. नाहीतर तुम्ही डेटा एंट्रीच करताय.

बँकेचा उतारा एक्सेलमध्ये मागवा, पीडीएफमधून आकडे उतरवू नका. सुरुवातीची शिल्लक वहीतल्या शिल्लकेशी जुळते का ते आधी बघा, मग ओळीमागून ओळ. ज्या ओळी हमखास चुकतात त्या या: रोख भरणा आणि एटीएममधून काढलेली रक्कम (दोन्ही काँट्रा, विक्रीही नाही आणि खर्चही नाही), न वटता परत आलेला चेक, बँकेचे आकार आणि कार्ड मशीनची जमा.

कार्ड मशीनचं उदाहरण घ्या. विक्री १०,००० ची झाली, बँकेत आले ९,८२३. नवखा माणूस ९,८२३ ची विक्री लिहितो किंवा १७७ चा फरक सस्पेन्समध्ये टाकतो. खरी फोड अशी: दीड टक्का कमिशन १५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७. विक्री पूर्ण १०,००० चीच धरायची, १५० खर्च आणि २७ इनपुट. इनपुट मात्र बँकेचं बिल २बीत दिसल्यावरच.

तपासणी: जुळवणीपत्रकात फक्त दोन प्रकारच्या ओळी उरायला हव्यात: दिलेले पण अजून न वटलेले चेक, आणि भरलेले पण अजून जमा न झालेले. तीन महिन्यांहून जुना चेक अजून ‘न वटलेला’ दिसत असेल तर तो कालबाह्य झाला आहे. नोंद उलटवायची का, ते मालकाला विचारा.

टप्पा ६: तीन महिने दुसऱ्याच्या टेबलावर

सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात तीन महिने अर्धवेळ बसा. पगार नाममात्र मिळेल, चालेल. जुलै ते सप्टेंबर किंवा जानेवारी ते मार्च निवडा, कारण तेव्हा कार्यालयात कामाचा पूर आलेला असतो आणि सगळ्या प्रकारची कागदपत्रं हाताखालून जातात. निवृत्तीला आलेले सीए नवशिक्याला समजावून सांगतात. मोठ्या कार्यालयात तुम्ही तीन महिने फक्त स्कॅनिंग करत राहाल. जाण्याआधी विचारा की निदान दोन दुकानांची पूर्ण खाती माझ्या हाती देणार का. पुढे हेच कार्यालय तुमच्याकडे कामं पाठवतं, म्हणून तिथल्या ग्राहकांशी परस्पर बोलणी करू नका.

टप्पा ७: स्वतःची कागदपत्रं

व्यवसाय सुरू केल्यापासून ३० दिवसांत महाराष्ट्रात व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी करा. वर्षाला २,५०० रुपये, दर वर्षी ३० जूनपर्यंत. हा कर नोकरीत असताना पगारातून कापला जायचा, त्यामुळे स्वतःचा व्यवसाय करणारे तो हमखास विसरतात.

उद्यम (लघुउद्योग म्हणून) नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. शोधताना वर येणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट खासगी असतात. व्यवसायाचा एनआयसी कोड ६९२०१. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर गुमास्त्याची (दुकान कायद्याखालची) नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. या दोन कागदांवर बँकेत चालू खातं उघडा आणि व्यवसायाचे पैसे त्यातूनच फिरवा. दुसऱ्याची उचल शोधणाऱ्याने स्वतःची किराणा बिलं त्याच खात्यातून देऊ नयेत.

तुमची वार्षिक फी २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पुढे केलीत तर सेवेचा कोड ९९८२२२.

टप्पा ८: पहिला ग्राहक घेताना

पहिला ग्राहक छोटा दुकानदार किंवा ३०-४० सदनिकांची सोसायटी असावी. सोसायटीत खरेदी-विक्री नसते, पण सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी सभासदांकडून जमवलेले पैसे) उत्पन्नात न धरता निधी म्हणून वेगळा ठेवायचा असतो, एवढं लक्षात ठेवा. बिल्डर, निर्यातदार आणि ऑनलाइन विक्री करणारे पहिल्या वर्षी नकोत.

काम हो म्हणण्याआधी मागच्या वर्षीचा सही झालेला ताळेबंद मागा. तो नसेल तर थांबा. सुरुवातीच्या शिल्लका कुठून घेणार? त्या ३१ मार्चच्या ताळेबंदावरूनच भरायच्या, आणि येणेकरी-देणेकरी बिलवार. एका पार्टीचे एकूण ८४,००० असं टाकलं तर पुढे कुठलं बिल फिटलं हे कळणार नाही.

मग एक पानाचं पत्र द्या आणि दोघांनी सही करा. त्यात लिहा: काय करणार, काय नाही. कागद दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत मिळायला हवेत. उशिरा मिळाले तर लेट फी मालकाची (जीएसटी रिटर्नला दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०). फी किती आणि कधी. काम सोडताना डेटा कसा परत करणार. तोंडी ठरलं की सप्टेंबरपर्यंत तुम्हीच त्याचे टायपिस्ट, वसुली कारकून आणि आयकर सल्लागार होऊन बसता.

सावध: ग्राहकाच्या जीएसटी किंवा आयकर खात्यात स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकू नका. सोयीचं वाटतं म्हणून बहुतेक जण हेच करतात. मग नोटीस तुम्हाला येते आणि मालकाला कळतच नाही. फीवरून वाद झाला तर ओटीपी अडवल्याचा आरोप तुमच्यावर येतो. ओटीपी मालकाच्याच फोनवर, रिटर्न भरतानाच मागायचा.

फी तासांवरून काढा. महिन्याला १२० खरेदी बिलं, २०० विक्री बिलं आणि बँकेच्या १५० ओळी म्हणजे ४७० नोंदी. तासाला ४० धरल्या तर जवळपास १२ तास. जुळवणीला ४, रिटर्नला २, फोन आणि बिलं मागवण्याला २, एकूण २० तास. तासाचे २०० रुपये धरले तर ४,००० होतात. शेजारचा १,५०० मध्ये करतो म्हणून तुम्हीही केलंत तर तासाला ७५ रुपये पडले. आणि असे आठ ग्राहक म्हणजे १६० तास, महिन्यात बसतील, असं वाटतं. पण काम महिनाभर सारखं नसतं, १ ते ११ आणि १४ ते २० या तारखांत कोंबलेलं असतं. एकट्याने पहिल्या वर्षी पाचच्या वर जाऊ नका.

टप्पा ९: महिन्याचं वेळापत्रक

३ तारीख: कागद हातात. ५ पर्यंत: विक्रीच्या नोंदी आणि बिलांच्या नंबरांची सलगता. ७: मागच्या महिन्याचा टीडीएस भरणा (मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत). ११: जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न). १४: २बी उतरवून जुळवणी. १८ पर्यंत: कराचा आकडा मालकाला लेखी, म्हणजे पैशांची सोय करायला दोन दिवस मिळतात. २०: जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न, पुढे नुसतं ३बी). त्यानंतर बँक जुळवणी पूर्ण, मालकाला एक पानाचा अहवाल: येणं, देणं, रोख, शंका.

पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला ग्राहक तिमाही योजनेत असेल तर जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेला आणि महाराष्ट्र, गोव्यात ३बी २२ तारखेला. पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा असतो. ‘तिमाही आहे ना’ म्हणून हे चलन विसरतात आणि व्याज लागतं. कंपोझिशनवाल्याचं (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचं) वेगळंच: दर तिमाहीनंतर १८ तारखेला सीएमपी-०८.

रोज काम संपलं की बॅकअप पेनड्राइव्हवर, आठवड्याला एकदा दुसऱ्या ठिकाणी, आणि महिन्याला एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप धरू नका. ३बी भरल्यावर त्या महिन्याच्या नोंदींना हात लावायचा नाही. राहिलेलं बिल सापडलं तर ते चालू महिन्यात घ्या आणि शेरा लिहा. मागच्या वर्षाच्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, तेव्हा मागे जाऊन भरलेला महिना उसवायची घाई नको.